रस्त्यावरच्या गाडीचा कॅमशाफ्ट: निवडीचा आणि जुळवणीचा क्रम

‘कॅम बदलला, पण गाडीचा खालचा दम गेला’, ‘सिग्नलला आयडलिंग धरत नाही’, ‘अ‍ॅव्हरेज पडला आणि पियूसीही निघेना’ अशा तक्रारी ज्या गाड्यांबद्दल ऐकू येतात, त्यांच्यात कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा कॅमशाफ्ट) वाईट असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो आधी विकत घेतलेला असतो आणि बाकीचे इंजिन नंतर त्याच्याशी कसेबसे जुळवलेले असते. वास्तविक कॅमशाफ्ट ही सर्वांत शेवटी ठरवायची वस्तू आहे. गाडी कशासाठी वापरायची, इंजिन किती आरपीएमवर सर्वाधिक वेळ फिरणार, कॉम्प्रेशन किती आहे आणि किती वाढवता येईल, हेडमधून हवा किती जाते, हे कागदावर आल्याशिवाय कॅमचे अंश, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहणार, ते ठरवताच येत नाहीत.

हा लेख मारुतीच्या १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हच्या जी१३बीबी इंजिनाला धरून लिहिला आहे. एस्टीम आणि जिप्सी किंगच्या नंतरच्या आवृत्त्या आणि पहिल्या पिढीची १.३ पेट्रोल स्विफ्ट या गाड्यांत ते आहे, आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या अजूनही चांगली आहे. इंजिन वेगळे असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: गाडीचा वापर आकड्यांत लिहून काढा

‘पिकअप हवा’ हे उत्तर पुरेसे नाही. नेहमीच्या रस्त्यावर दोन-तीन दिवस टॅकोमीटरकडे लक्ष ठेवून गाडी चालवा आणि इंजिन बहुतांश वेळ कोणत्या आरपीएमवर असते ते टिपून ठेवा. शहरात ते १५०० ते ३००० च्या दरम्यान, महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये त्याच्या थोडे वर, आणि खंबाटकी किंवा कसारा घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ३००० ते ५००० च्या दरम्यान असल्याचे आढळेल. पहिल्या स्विफ्टमध्ये हे इंजिन ६००० आरपीएमला ८७ अश्वशक्ती आणि ४५०० आरपीएमला ११३ न्यूटन मीटर टॉर्क देते. याचा अर्थ कंपनीचा कॅमच मुळात मध्यम आणि वरच्या पट्ट्यासाठी घडवलेला आहे. त्याहून लांब, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम घेतला की टॉर्कचे शिखर आणखी वर सरकते, आणि रोजच्या वापरातल्या २००० आरपीएमपासून तेवढेच दूर जाते.

याच वेळी कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन घालते. बदलाची माहिती विमा कंपनीला न दिल्यास दावा अडकू शकतो. पियूसीच्या मर्यादा गाडीच्या मानकानुसार असतात. भारत स्टेज दोन आणि तीनच्या पेट्रोल चारचाकीसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम, तर स्टेज चारसाठी ०.३ टक्के आणि २०० पीपीएम अशी मर्यादा आहे. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) जास्त असलेला कॅम ही स्टेज चारची मर्यादा सहसा पाळू देत नाही.

टप्पा २: आहे ते इंजिन निरोगी आहे का, ते तपासा

थकलेल्या इंजिनात नवा कॅम बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इंधन व इग्निशन बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर आधी बोअर, रिंग किंवा व्हॉल्व्हची बैठक दुरुस्त करावी लागेल. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा.

आयडलिंगला मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूमही मोजून लिहून ठेवा. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला पाऱ्याचे सुमारे १८ ते २० इंच दाखवते. उंची दर ३०० मीटरने वाढली की हा आकडा साधारण एक इंचाने उतरतो. त्यामुळे मुंबईचा आकडा पुण्यात (सुमारे ५६० मीटर) मिळणार नाही, आणि तो न मिळणे हा इंजिनाचा दोषही नव्हे.

*तपासणी:* चारही कॉम्प्रेशन, आयडलिंगचा व्हॅक्यूम आणि नेहमीच्या रस्त्यावरचा अ‍ॅव्हरेज हे तीन आकडे लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कामानंतर तुलना यांच्याशीच करायची आहे.

टप्पा ३: कॉम्प्रेशनचा हिशेब करा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो, आणि खालचा दम जातो तो इथेच. पिस्टन खालच्या टोकाहून वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही. तो बंद होईपर्यंत हवा दाबली जात नाही, उलट कमी आरपीएमवर ती मॅनिफोल्डकडे परत ढकलली जाते. कॅम जितका लांब, तितका हा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि प्रत्यक्ष दाबण्यासाठी उरलेला स्ट्रोक कमी होतो.

या इंजिनाचा बोअर ७४ मिमी आणि स्ट्रोक ७५.५ मिमी आहे, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान ३२४.७ सीसी. कॉम्प्रेशन रेशो ९.५ असेल तर पिस्टन वरच्या टोकाला असताना उरलेली जागा ३८.२ सीसी असते. आता २४० अंशांचा, इनटेक सेंटरलाइन (पिस्टनच्या वरच्या टोकानंतर इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तो अंश) ११० अंश असलेला कॅम घ्या. इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याचा क्षण काढण्यासाठी निम्म्या अंशांत सेंटरलाइन मिळवून १८० वजा करायचे: १२० अधिक ११० वजा १८०, म्हणजे खालच्या टोकानंतर ५० अंश. त्या क्षणी सुमारे ८७ टक्के स्ट्रोक शिल्लक असतो आणि प्रत्यक्ष रेशो सुमारे ८.४ येतो. त्याच सेंटरलाइनवर २७० अंशांचा कॅम बसवला तर व्हॉल्व्ह ६५ अंशांना बंद होतो, स्ट्रोक जेमतेम ७८ टक्के उरतो आणि प्रत्यक्ष रेशो ७.६ वर येतो. सिग्नलवरून गाडी उचलताना जाणवतो तो हाच फरक. तो भरून काढून पुन्हा ८.४ गाठायचे तर मूळ रेशो १०.५ करावा लागतो.

मधला मार्ग असा, आणि माझ्या मते रोजच्या गाडीसाठी तोच योग्य आहे: २५६ अंश, सेंटरलाइन १०८. इनटेक व्हॉल्व्ह ५६ अंशांना बंद होतो. मूळ रेशो ९.५ ठेवला तर प्रत्यक्ष रेशो ८.१, आणि तो १० केला तर ८.५ येतो. ९.५ वरून १० वर जाण्यासाठी ३८.२ सीसीची जागा ३६.१ करायची असते, म्हणजे फक्त २.१ सीसी कमी करायची. हे काम हेडचे फेसिंग करून, म्हणजे त्याचा खालचा पृष्ठभाग घासून होते. मात्र किती मिमी काढायचे, ते लेथवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. कंबशन चेंबर तळाशी बोअरएवढा रुंद नसतो, त्यामुळे बोअरच्या क्षेत्रफळावरून काढलेले उत्तर चुकते. हेड उलटे ठेवा, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवा, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी चिकटवा आणि ब्युरेटने रंगीत पातळ तेल सोडून चारही चेंबर मोजा. फेसिंगनंतर पुन्हा मोजा. चारींत अर्ध्या सीसीहून जास्त फरक राहू देऊ नका.

इंधनाचा विचारही याच ठिकाणी करायचा. पूर्वी साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे असे. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलसाठी भारतीय मानक ९५ ऑक्टेन मागते, त्यामुळे नॉकिंगच्या (इंधन अवेळी पेटून इंजिन टकटकण्याच्या) बाबतीत थोडी मोकळीक मिळते. पण जुन्या गाडीतील इंधनाचे रबरी पाइप आणि सील इथेनॉल सोसणारे आहेत का, ते आधी पाहावे लागते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. इनटेकची हवा एवढी गरम असेल तर मुंबईत न वाजणारे इंजिन तिथे चढावर टकटक करू लागते. तिकडच्या गाडीने रेशो दहाच्या आतच ठेवावा.

*इशारा:* ओव्हरहेड कॅमच्या बेल्टवाल्या इंजिनात हेडचे फेसिंग केले की कॅम आणि क्रँक यांच्यातील अंतर घटते आणि कॅम किंचित मागे पडतो. हे टप्पा ७ मध्ये दुरुस्त करायचे आहे.

टप्पा ४: हेड, इनटेक आणि एक्झॉस्ट

व्हॉल्व्ह किती वेळ आणि किती उघडतो एवढेच कॅम ठरवतो. वाट अरुंद असेल तर जास्त वेळ उघडून फारसा लाभ होत नाही. व्हॉल्व्ह सीटला तीन कोनांचे कटिंग करून घ्या, सीटखालचा बाऊल आणि गाइडभोवतीची धार मोकळी करा, मॅनिफोल्ड व हेडची तोंडे गॅस्केटशी जुळवा. रस्त्यावरच्या गाडीला एवढे पुरते. इनटेक पोर्ट आरशासारखा घासून मोठा करण्याचा मोह टाळा. पोर्ट मोठा झाला की कमी आरपीएमवर हवेचा वेग घटतो आणि वाचवलेला खालचा दम पुन्हा जातो.

एक्झॉस्टला चार-दोन-एक हेडर (चार नळ्या आधी दोनात आणि मग एकात मिळणारा) रस्त्यावरच्या पट्ट्याला चार-एकपेक्षा अधिक मानवतो. ज्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे तिथे तो काढू नका.

टप्पा ५: कॅमची निवड

आता दुकानात जायचे. कॅमसोबत कार्ड मागा. त्यावर जाहीर अंश, १ मिमी लिफ्टला मोजलेले अंश, व्हॉल्व्ह लिफ्ट (व्हॉल्व्ह किती मिमी उघडतो), लोब सेपरेशन (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन), इनटेक सेंटरलाइन आणि टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट) एवढे असलेच पाहिजे. कार्ड मिळत नसेल तर तो कॅम घेऊ नका, कारण टप्पा ७ मधली तपासणी कार्डाशिवाय करताच येत नाही.

जाहीर अंश प्रत्येक कारागीर वेगवेगळ्या लिफ्टपासून मोजतो. म्हणून दोन कॅमची तुलना करायची तर ती १ मिमीच्या आकड्यांवर करा. हे सिंगल ओव्हरहेड कॅम इंजिन असल्याने इनटेक आणि एक्झॉस्टचे लोब एकाच शाफ्टवर असतात. दोन कॅमच्या इंजिनात त्यांच्यातील कोन पुली फिरवून बदलता येतो, इथे तो ग्राइंडिंग करतानाच कायमचा ठरतो. पुली फिरवली तर दोन्ही लोब एकत्रच पुढे-मागे जातात. त्यामुळे लोब सेपरेशनची चूक नंतर सुधारता येत नाही.

ओव्हरलॅप काढण्याची रीत सोपी आहे: इनटेक व एक्झॉस्टच्या अंशांची सरासरी घ्या आणि त्यातून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करा. २५६ अंश आणि ११० सेपरेशनला ३६ अंश ओव्हरलॅप येतो, २८० अंश आणि १०८ ला तो ६४ होतो. पहिल्या कॅमवर आयडलिंग किंचित बदललेले जाणवते. दुसऱ्यावर व्हॅक्यूम एवढा पडतो की ब्रेक बूस्टरला पुरेशी ओढ मिळत नाही आणि वाहतुकीत लागोपाठ ब्रेक दाबल्यावर पेडल कडक होते. तो रॅलीचा कॅम आहे आणि तिथेच राहू द्यावा.

आपल्याकडे नवा कॅम क्वचित मिळतो. बहुधा कंपनीचाच कॅम पुन्हा ग्राइंड करून दिला जातो. त्यात गैर काही नाही, पण तीन गोष्टी विचारून घ्या. बेस सर्कल (लोबचा उंचवट्याखालचा गोल भाग) किती लहान केले, कारण तेवढेच रॉकरचा (लोबची हालचाल व्हॉल्व्हला देणाऱ्या दांडीचा) टॅपेट स्क्रू जास्त बाहेर येतो आणि त्याचे टोक व्हॉल्व्हच्या मध्यावरून सरकते. ग्राइंडिंगनंतर पृष्ठभाग पुन्हा कडक केला का, कारण वरचा कडक थर निघून गेल्यास लोब थोड्याच किलोमीटरांत झिजतो. आणि चारही सिलिंडरचे लोब एकमेकांशी जुळतात का, हे दोन टोकांच्या आधारावर फिरवून डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या गेजने) दाखवायला सांगा.

टप्पा ६: स्प्रिंग आणि जागेची तपासणी

लिफ्ट वाढली की तीन ठिकाणी जागा कमी होते आणि तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष मोजावे लागते.

पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये एकूण किमान १ ते १.५ मिमी जागा उरली पाहिजे. स्प्रिंगची वरची वाटी आणि व्हॉल्व्ह सील यांच्यातही किमान तेवढीच हवी. सील जुने असतील तर बदलून मगच मोजा.

तिसरी जागा व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली. मोजण्यापुरत्या हलक्या स्प्रिंगा लावा, टॅपेट शून्य गॅपला आणा आणि क्रँक हाताने फिरवत वरच्या टोकाआधी १० अंशांवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि नंतर १० अंशांवर इनटेक व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनला टेकेपर्यंत दाबा. डायल गेजवर इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला किमान २.५ मिमी दिसले पाहिजेत. एक्झॉस्टला जास्त जागा ठेवण्याचे कारण असे की तो अधिक तापतो आणि लांबतो, शिवाय जास्त आरपीएमला स्प्रिंग कमी पडल्यास वर येणारा पिस्टन त्यालाच गाठतो. डायल गेज नसेल तर पिस्टनवर मुलांची प्लॅस्टिसिन दाबून, दोन पूर्ण फेरे देऊन, ठसा उमटलेल्या ठिकाणी पात्याने कापून जाडी मोजता येते. ही मोजणी खऱ्या गॅस्केटसह आणि फेसिंग केलेल्या हेडवरच करायची.

*इशारा:* ‘कडक स्प्रिंग लावली की चिंता नाही’ हा समज महागात पडतो. गरजेपेक्षा जास्त दाब म्हणजे रॉकर आणि लोबची झीज. कॅम देणाऱ्याने सांगितलेला दाब, त्याने सांगितलेल्या बैठकीच्या उंचीवरच ठेवा आणि उंची कमी-जास्त करायला वॉशर वापरा.

टप्पा ७: कॅम अंशांवर बसवणे

पुलीवरची खूण जुळवून काम थांबवणे, ही यातली सर्वांत सर्रास चूक आहे. खूण कंपनीच्या कॅमसाठी आणि न घासलेल्या हेडसाठी असते. बेल्ट एक दात सरकवूनही भागत नाही. कॅम पुलीला ४० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश, आणि आपल्याला दोन-तीन अंशांची दुरुस्ती करायची असते. त्यासाठी खोबणीवाली, सरकवता येणारी पुली लागते.

१. क्रँकला डिग्री व्हील (अंशांच्या खुणा असलेली तबकडी) लावा आणि तारेचा काटा घट्ट बसवा.

२. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन अडवणारा बोल्ट लावा. क्रँक हळूच दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवा. दोन आकड्यांचा मध्य म्हणजे वरचे खरे टोक. तिथे व्हील शून्यावर आणा आणि बोल्ट काढून टाका.

३. डायल गेज इनटेक व्हॉल्व्हच्या वाटीवर, व्हॉल्व्हच्या रेषेतच टेकवा. गेज तिरपा असेल तर सर्व आकडे खोटे येतात.

४. पूर्ण लिफ्टला गेज शून्यावर आणा. नंतर शिखराच्या आधी १ मिमी आणि शिखरानंतर १ मिमी या दोन ठिकाणी व्हीलवरचे आकडे वाचा. क्रँक नेहमी इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवा. आकडा हुकला तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे बेल्टचा ढिलेपणा मोजणीत येणार नाही.

समजा आकडे ८६ आणि १३४ आले. बेरीज २२०, निम्मे ११०. कार्डावर १०८ आहे, म्हणजे कॅम क्रँकचे दोन अंश मागे आहे, आणि फेसिंग केलेल्या हेडवर हेच अपेक्षित असते. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पुली एकच अंश पुढे सरकवायची, बोल्ट आवळायचे आणि पुन्हा मोजायचे. न मोजता आवळलेली पुली बरोबर आहे असे धरू नये.

*तपासणी:* सेंटरलाइन बदलली असेल तर टप्पा ६ मधली पिस्टनची जागा पुन्हा मोजा. कॅम पुढे केल्याने इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. मग दोन पूर्ण फेरे हाताने द्या. कुठेही अडल्यासारखे वाटले तर स्टार्टर लावू नका.

टप्पा ८: पहिली सुरुवात

रॉकरचा तळवा लोबवर घासत चालतो, त्यामुळे पहिली वीस मिनिटे लोबचे आयुष्य ठरवतात. लोबवर कॅमसाठीचे असेंब्ली ल्युब लावा, झिंकयुक्त ब्रेक-इन तेल भरा, टॅपेट कार्डाप्रमाणे फिलर गेजने लावा. प्लग काढून, इग्निशन आणि इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर फिरवा. इंजिन सुरू होताच आरपीएम २००० ते २५०० च्या दरम्यान न्या आणि वीस मिनिटे वर-खाली करत तिथेच ठेवा. आयडलिंगवर सोडू नका, कारण कमी वेगात लोबला तेल कमी मिळते आणि लोबच्या नाकावर स्प्रिंगचा भार सर्वांत जास्त पडतो. कूलंट, तेल आणि पेट्रोलची गळती यासाठी दुसरा माणूस बाजूला हवा.

टप्पा ९: इंधन आणि इग्निशनची जुळवणी

आयडलिंगला ओव्हरलॅपमधून थोडी न जळलेली हवा थेट एक्झॉस्टमध्ये जाते. ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असल्यासारखे दिसते, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, आणि प्लग काळे पडून पियूसी नापास होते. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या गाडीत पडलेला व्हॅक्यूम ईसीयूला लोड वाढल्यासारखा वाटतो, म्हणून तो आणखी पेट्रोल सोडतो. त्यामुळे २५६ अंशांच्या पुढचा कॅम असेल तर पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडून बसवायचा) किंवा स्वतंत्र ईसीयू आणि वाइडबँड (मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा) सेन्सर यांचा खर्च सुरुवातीलाच धरा. मीटरवर लॅम्डा वाचा, म्हणजे मिश्रण त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा. शुद्ध पेट्रोलला १४.७ असणारे हवा-इंधन प्रमाण ई२० ला सुमारे १३.५ होते, त्यामुळे जुने आकडे तसेच वापरले तर इंजिन पातळ चालते.

इंजेक्टर पुरतील का, हे फ्लो बेंचवर मोजून घ्या. १०० अश्वशक्तीचे लक्ष्य, चार इंजेक्टर आणि ८५ टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरली तर प्रत्येकी सुमारे १५५ सीसी प्रति मिनिट लागते, ई२० वर आणखी आठ-नऊ टक्के. इग्निशन पूर्ण लोडवर एकेक अंशाने पुढे न्या आणि नॉकिंगची पहिली चाहूल लागताच दोन अंश मागे या. रेव्ह लिमिट मूळ रॉड आणि बोल्टवर वाढवू नका.

टप्पा १०: पाचशे किलोमीटरनंतर

तेल आणि फिल्टर बदला. काढलेला फिल्टर कापून घड्या उघडा आणि उजेडात पाहा. बारीक चमचम दिसली तर चुंबक फिरवा. कण चिकटले तर लोब किंवा रॉकर झिजत आहे आणि कव्हर उघडावेच लागेल. थंड इंजिनावर सर्व टॅपेट पुन्हा मोजा. एखाद्याच व्हॉल्व्हचा गॅप बाकीच्यांपेक्षा लक्षणीय वाढला असेल तर तो नुसता आवळून पुढे जाऊ नका, त्या लोबची लिफ्ट डायल गेजने मोजून कार्डाशी ताडून पाहा. सरकत्या पुलीचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, बेल्टचा ताण पाहा, आणि टप्पा २ मध्ये लिहिलेले कॉम्प्रेशन, व्हॅक्यूम आणि अ‍ॅव्हरेजचे आकडे त्याच जागी, त्याच रस्त्यावर पुन्हा घ्या.